कॉम्बो वायफाय चिपला वीज नेमकी कुणी द्यायची? कर्नल ड्रायव्हरच्या रचनेबद्दल

सिंहगडरोड (धागाकर्ता)

मंडळी, इथे एम्बेडेड लिनक्सवर काम करणारे बरेच पुणेकर आहेत, म्हणून हा विषय सविस्तर मांडतोय.

आम्ही नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातल्या द्राक्षबागांसाठी एक गेटवे बनवतो. बागेतल्या सेन्सरकडून ब्लूटूथवर आकडे घ्यायचे आणि वायफायवरून पुढे पाठवायचे, एवढंच त्याचं काम. सोलर पॅनल आणि बॅटरीवर चालतो, त्यामुळे रात्री रेडिओ पूर्ण बंद करावा लागतो.

सध्याच्या बोर्डावर ब्रॉडकॉम-सायप्रस घराण्यातली कॉम्बो चिप आहे. वायफाय एसडीआयओवर, ब्लूटूथ यूआर्टवर (चिप सीपीयूला जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती), पण दोन्ही एकाच पॅकेजमध्ये आणि आतला वीजपुरवठाही सामाईक. सीपीयूकडून चिपला दोन पिना जातात, डब्ल्यूएल-रेग-ऑन आणि बीटी-रेग-ऑन, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ चालू करायच्या एनेबल पिना. पहिली पिन एमएमसी-पॉवरसिक्वेन्स-सिंपल हा कर्नलमधला तयार ड्रायव्हर सांभाळतो, दुसरी ब्लूटूथ ड्रायव्हर. व्हीबॅट (चिपचा मुख्य सप्लाय) आणि व्हीडीडीआयओ (तिच्या सिग्नल पिनांचा सप्लाय) हे दोन्ही मात्र दोघेही आपापल्या परीने मागतात. कधी कधी पहाटे रेडिओ चालू करताना वायफाय सापडतच नाही. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, एसडीआयओ कार्ड सुरू करताना ‘एरर -११०’ येते, म्हणजे टाइमआउट. पूर्ण बोर्डाची वीज काढून परत दिली की सगळं सुरळीत.

पुढच्या बोर्डावर पीसीआयईवाली क्वालकॉमची क्यूसीए६३९० घ्यायचं चाललंय. तिचा पॉवर-अप याहून किचकट आहे. माझा खरा प्रश्न रचनेचा आहे. हा क्रम वायफाय ड्रायव्हरमध्ये लिहायचा, ब्लूटूथ ड्रायव्हरमध्ये, की तिसरीकडेच कुठे? जुन्या बोर्डाचा घोळ नव्या बोर्डावर न्यायचा नाहीये.

---

भोसरी_एमआयडीसी

आम्ही कारखान्यातल्या मशीनवर बसणारे गेटवे करतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) सप्लाय देणाऱ्या रेग्युलेटरला ‘रेग्युलेटर-ऑलवेज-ऑन’ लावायचं, दोन्ही एनेबल पिना बूटलोडरमध्येच वर करायच्या, कर्नलमध्ये जीपीआयओ-हॉगने धरून ठेवायच्या, विषय संपला. चिप कायम जागी राहते, ड्रायव्हरला वीज म्हणजे काय हेही कळायला नको. असे गेटवे वर्षानुवर्षं चालू आहेत.

---

तपकीरगल्ली

सिंहगडरोड, सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक माप घ्या. रेडिओ बंद केल्यावर चिपच्या व्हीडीडीआयओ पिनेवर मल्टिमीटर लावून किती व्होल्ट दिसतात ते सांगा. एनेबल पिनेवर किंवा रेग्युलेटरच्या इनपुटला नको, चिपच्या अगदी जवळच्या कपॅसिटरवर लावा. आणि चालू करताना व्हीबॅट आणि व्हीडीडीआयओ दोन्ही स्कोपच्या दोन चॅनलवर एकत्र घ्या, टाइमबेस एक-दोन मिलिसेकंदांवर ठेवून.

हे दोन आकडे आले की अर्धं उत्तर मिळेल असं वाटतंय.

---

मुळामुठा

भोसरीकर, तुमच्या मशीनला चोवीस तास मेन्स आहे, म्हणून ते चालतंय, त्याबद्दल वाद नाही. पण तिथेही एक अडचण आहे. या चिपांच्या आत स्वतःचा प्रोसेसर आणि फर्मवेअर असतं, आणि फर्मवेअर कधीतरी अडकतं. अशा वेळी ड्रायव्हरच्या हातातला शेवटचा उपाय म्हणजे चिपची वीज काढून परत देणं. ऑलवेज-ऑन केलंत की तो उपायच हातातून गेला. मग माणूस पाठवून मशीन बंद-चालू करावं लागतं.

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे. माझं मत स्पष्ट आहे: पॉवर-अप क्रम हा चिपच्या पॅकेजचा गुणधर्म आहे. तो वायफायचाही नाही आणि ब्लूटूथचाही नाही. त्यामुळे तो या दोघांपैकी कुणाच्याही ड्रायव्हरमध्ये नको. कर्नलमध्ये त्याचा एकच मालक असावा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे फक्त मागणी नोंदवावी. एका इमारतीतल्या दोन फ्लॅटना एकच पंप असेल, तर ज्याला पाणी नको त्याने खाली जाऊन पंप बंद करून चालत नाही, तसं हे आहे.

रेग्युलेटर फ्रेमवर्कमध्ये मोजणी असतेच, दोघांनी मागितला आणि एकाने सोडला तर सप्लाय बंद होत नाही. पण मोजणी फक्त सप्लायची होते. ‘सप्लाय आधी, मग इतका वेळ थांबा, मग क्लॉक, मग ही पिन, आणि दुसरी पिन पहिलीनंतर अमुक वेळ गेल्यावरच’ हे ज्ञान त्या मोजणीत कुठेच नसतं. दोन ड्रायव्हर एकाच वेळी प्रोब झाले, म्हणजे आपापलं डिव्हाइस सुरू करायला लागले, तर एकाला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. घोळ होतो तो इथेच.

---

नवखा_अभियंता

मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी याच भागात शिरतोय. एक शंका. हा क्रम आणि विलंब थेट डिव्हाइस ट्रीमध्ये ओळीने लिहिता आला तर? म्हणजे ‘हा सप्लाय चालू, १० मिलिसेकंद थांब, ही पिन वर’ असं. मग प्रत्येक बोर्डासाठी सी कोड लिहायलाच नको.

---

मुळामुठा

चांगली शंका आहे, आणि ती आधीही येऊन गेली आहे. २०१२ मध्ये नेमका असा प्रस्ताव मेलिंग लिस्टवर आला होता, डिव्हाइस ट्रीमधूनच चालणारे पॉवर सिक्वेन्स. तो स्वीकारला गेला नाही. कारण डिव्हाइस ट्री हे हार्डवेअरचं वर्णन आहे, कुठली तार कुठून कुठे जाते ते सांगणारं. त्यात पायऱ्या लिहायला लागलो की ती स्क्रिप्ट होते, आणि मग तिच्यात अटी, चुका झाल्यावर मागे फिरणं, सगळंच हवं होतं. शिवाय तो ट्री यू-बूट वाचतो, बीएसडीवालेही वाचतात, आणि एकदा फ्लॅश केलेला ट्री बोर्डावर बरीच वर्षं तसाच राहतो. स्क्रिप्टमध्ये चूक निघाली तर कर्नल अपडेट करूनही ती सुटत नाही.

चिपचं नाव म्हणजे कम्पॅटिबल स्ट्रिंग कळली की तिचा क्रम आणि विलंब ठरलेलेच असतात, ते डेटाशीटमध्ये आहेत. म्हणून ते कोडमध्ये ठेवायचे. बोर्डागणिक जे बदलतं ते मात्र ट्रीमध्ये यायलाच हवं: कुठली पिन, कुठला रेग्युलेटर, त्या रेग्युलेटरला वर यायला किती वेळ लागतो. फिक्स्ड रेग्युलेटरच्या नोडमध्ये ‘स्टार्टअप-डिले-यूएस’ असतं, ते याचसाठी.

मधला टप्पा २०१५ चा. कर्नल ४.० मध्ये एमएमसी-पॉवरसिक्वेन्स आला, तुम्ही वापरताय तोच. रीसेट पिना, एक बाहेरचा क्लॉक, चालू केल्यावरचा विलंब, बंद करतानाचा विलंब एवढं त्याला जमतं. पण तो एमएमसी होस्टला बांधलेला आहे. यूआर्टवरचा ब्लूटूथ त्याच्याकडे काही मागू शकत नाही, आणि पीसीआयईला तर त्याचा उपयोगच नाही.

---

सिंहगडरोड

तपकीरगल्ली ताई, मापं घेतली.

रेडिओ बंद असताना व्हीडीडीआयओच्या कपॅसिटरवर जवळजवळ १ व्होल्ट दिसतोय. रेग्युलेटर बंद आहे हे रेग्युलेटर-समरीत तपासलं, वापरकर्ते शून्य. तरी शून्य व्होल्ट नाहीच.

स्कोपवर चालू करताना व्हीडीडीआयओ म्हणजे १.८ व्होल्टची रेल (सप्लायची लाइन) झटकन वर जाते आणि व्हीबॅटची ३.३ ची रेल तिच्या मागून, सावकाश तिरकी चढत येते. दोन्हीचं एनेबल ब्लूटूथ ड्रायव्हरच्या एकाच रेग्युलेटर-बल्क-एनेबल कॉलमधून जातंय, आणि यादीत व्हीबॅट आधी आहे.

---

तपकीरगल्ली

दोन वेगळे रोग आहेत, एकेक घेते.

पहिला, तो १ व्होल्ट. यूआर्टची टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणारी लाइन मोकळी असताना वरच्या पातळीवर असते. सीपीयू ती लाइन १.८ ला धरून बसलाय आणि समोरच्या चिपची वीज गेलेली आहे. चिपच्या त्या पिनेत ईएसडीपासून (स्थिर विजेच्या झटक्यापासून) वाचवणारा डायोड असतो, त्याचं दुसरं टोक व्हीडीडीआयओवर. त्या डायोडमधून करंट आत शिरतो आणि रेल अर्धवट जिवंत राहते. एसडीआयओच्या कमांड आणि डेटा लाइनवर पुल-अप असतील तर तेही हेच करतात. अशा वेळी चिपच्या आतलं पॉवर-ऑन-रीसेट सर्किट वीज गेली असं मानतच नाही. तुम्ही सकाळी परत चालू करता तेव्हा चिप धड बंदही नसते आणि धड रीसेटही झालेली नसते. पूर्ण बोर्डाची वीज काढल्यावर सगळं ठीक होतं, कारण तेव्हा सीपीयूच्या पिनाही मरतात.

यावर उपाय पिनकंट्रोलचा, म्हणजे सीपीयूच्या पिनांची स्थिती ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाचा. ‘स्लीप’ स्थितीत टीएक्स आणि आरटीएस (यूआर्टची दुसरी आउटपुट लाइन) इनपुट करा, पुल-डाउन लावा, आणि ती स्थिती रेग्युलेटर बंद करण्याआधी लागली पाहिजे. एसडीआयओचे पुल-अप नेहमी चालू असलेल्या रेलवर नकोत, चिपच्याच व्हीडीडीआयओवर घ्या. नव्या बोर्डात लोड स्विच घ्याल तो क्विक आउटपुट डिस्चार्जवाला घ्या, म्हणजे बंद केल्यावर रेल स्वतःहून जमिनीला टेकते. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) सुटे मिळाले नाहीत तर ऑनलाइन मागवा, पण यावर पैसे वाचवू नका.

दुसरा रोग क्रमाचा. या घराण्याच्या डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय: व्हीबॅट हा व्हीडीडीआयओच्या आधी किंवा बरोबर आला पाहिजे, व्हीडीडीआयओ आधी नको. तुमच्या बोर्डावर ३.३ चा स्विच सॉफ्ट-स्टार्टवाला असणार, म्हणून तो तिरका चढतोय. बल्क-एनेबलचं मुळामुठा सांगतील.

---

मुळामुठा

सांगतो, कारण यात पुष्कळ जण फसतात. रेग्युलेटर-बल्क-एनेबल यादीतले सप्लाय एकामागून एक चालू करत नाही. कर्नल ते असिंक पद्धतीने, एकाच वेळी सोडतो आणि सगळे झाले की परत येतो. यादीतल्या क्रमाला काही अर्थ नाही. क्रम हवाच असेल तर एकेक रेग्युलेटर-एनेबल हाताने लिहायचं, किंवा हार्डवेअरमध्येच एक रेल दुसऱ्याच्या पॉवर-गुडवर बांधायची. तिसरा उपाय म्हणजे स्विचच्या नोडमध्ये खरा स्टार्टअप-डिले लिहिणं, पण तोही एकेक कॉल असतील तरच कामाचा.

याच डेटाशीटमधल्या आणखी दोन गोष्टी. सप्लाय आल्यावर चिप जास्तीत जास्त ११० मिलिसेकंद स्वतःला रीसेटमध्ये धरते, म्हणून एसडीआयओला हात लावण्याआधी किमान १५० मिलिसेकंद थांबायला सांगितलंय. तुमच्या पॉवरसिक्वेन्स नोडमध्ये ‘पोस्ट-पॉवर-ऑन-डिले-एमएस’ किती आहे ते बघा. दुसरी गोष्ट, दोन्ही रेग-ऑन पिना खाली गेल्यावर पुन्हा वर करण्याआधी किमान १० मिलिसेकंद जाऊ द्यायला हवेत, म्हणजे आतल्या बक रेग्युलेटरचा साठा उतरतो. ते पाळलं नाही तर पुढच्या सुरुवातीला व्हीडीडीआयओवर ३६ मिलिॲम्पिअरच्या घरात इनरश, म्हणजे एकदम ओढला जाणारा करंट येतो. १.८ चा एलडीओ रेग्युलेटर लहान असेल आणि त्यावर तुमचे सेन्सरही असतील तर तो दबतो.

हा १० मिलिसेकंदांचा नियम नीट पाहा. तो ‘दोन्ही’ पिनांबद्दल आहे. डब्ल्यूएल पिन एमएमसीकडे आणि बीटी पिन ब्लूटूथ ड्रायव्हरकडे असेल, तर दोन्ही खाली असण्याची वेळ मोजणारं कर्नलमध्ये कुणीच नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर याच नियमात दडलेलं आहे.

---

भोसरी_एमआयडीसी

फर्मवेअर अडकण्याचा मुद्दा मान्य. आमच्याकडे त्यासाठी वॉचडॉग अख्खा बोर्डच रीसेट करतो, पण त्यात मशीनचा डेटा काही मिनिटं जातो हेही खरं. पीसीआयईचं मात्र कळलं नाही. तिथे वेगळं काय?

---

मुळामुठा

पीसीआयईवर कोंबडी-अंड्याचा पेच आहे. पीसीआयई ही शोधून काढायची बस. डिव्हाइस बसवर दिसलं की मग त्याचा ड्रायव्हर, क्यूसीए६३९० साठी एटीएच११के, प्रोब होतो. पण चिपला वीजच नसेल तर ती बसवर दिसणार नाही, आणि दिसली नाही तर वीज देणारा ड्रायव्हर कधी चालूच होणार नाही. म्हणून वायफाय ड्रायव्हरमध्ये पॉवर-अप लिहिणं तिथे मुळात शक्यच नाही. लोक वर्षानुवर्षं ऑलवेज-ऑन लावत आले त्यामागचं हेच कारण.

याचं नीट उत्तर कर्नल ६.११ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला आलं. बार्तोश गोलाशेव्स्की यांनी पॉवर सिक्वेन्सिंग नावाची स्वतंत्र सबसिस्टिम आणली, आणि सोबत पीसीआयसाठी पॉवर कंट्रोलचा भाग. रचना मला फार आवडते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चिपच्या आतल्या पीएमयूला (वीज सांभाळणाऱ्या भागाला) डिव्हाइस ट्रीमध्ये स्वतःचा नोड मिळतो. बोर्डाकडून येणारे सगळे सप्लाय आणि वायफाय-ब्लूटूथच्या दोन्ही एनेबल पिना त्या नोडमध्ये. पीएमयू पुढे जे व्होल्टेज देतो ते त्याच्या पोटात रेग्युलेटर म्हणून लिहायचे, आणि वायफायचा नोड व ब्लूटूथचा नोड सप्लाय मागतात ते या आतल्या रेग्युलेटरकडून. म्हणजे ट्रीमध्ये फक्त तारा आहेत, जशा चिपमध्ये खरोखर आहेत तशा.

क्रम आहे तो पीएमयूच्या ड्रायव्हरमध्ये. तिथे छोटे युनिट असतात: सप्लाय चालू करणं, क्लॉक चालू करणं, वायफायची पिन, ब्लूटूथची पिन. कुठलं युनिट कशावर अवलंबून आहे ते सांगायचं. वर दोन लक्ष्यं, ‘डब्ल्यूलॅन’ आणि ‘ब्लूटूथ’. दोन्ही लक्ष्यांखाली सप्लाय आणि क्लॉक हे युनिट सामाईक, आणि प्रत्येक युनिटची मोजणी वेगळी. ब्लूटूथ ड्रायव्हर फक्त ‘ब्लूटूथ’ लक्ष्य मागतो आणि पॉवर-ऑन म्हणतो. आत किती सप्लाय आहेत, किती थांबायचं, शेजारी वायफाय चालू आहे का, हे त्याला माहीत असण्याची गरजच नाही. क्यूसीए६३९० मध्ये दोन एनेबल पिनांमध्ये १०० मिलिसेकंदांचं अंतर लागतं. शेवटची पिन कधी वर केली ते हा ड्रायव्हर लक्षात ठेवतो आणि गरज असेल तेवढाच थांबतो. वर मी म्हटलेला ‘मोजणारा कुणीतरी’ तो हाच.

पीसीआयईच्या बाजूला रूट पोर्टखालच्या नोडसाठी कर्नल एक प्लॅटफॉर्म डिव्हाइस तयार करतो. त्याचा छोटा ड्रायव्हर ‘डब्ल्यूलॅन’ लक्ष्य चालू करतो आणि बस पुन्हा स्कॅन करायला लावतो. मग चिप दिसते, मग एटीएच११के येतो. पेच सुटला.

---

नवखा_अभियंता

ब्लूटूथ ड्रायव्हर पीएमयूच्या ड्रायव्हरआधीच प्रोब झाला तर? पीएमयू मॉड्यूल असेल तर उशिरा लोड होणार ना?

---

मुळामुठा

मग त्याला ‘ईप्रोब-डिफर’ मिळतं, आणि ड्रायव्हरने ते मुकाट्याने वर परत द्यायचं. कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतो. यात दोन पथ्यं. डिफर ही चूक नाही, म्हणून लाल अक्षरात एरर छापू नकोस, डेव्ह-एरर-प्रोब वापर, तो डिफरच्या वेळी गप्प राहतो आणि कारणही नोंदवतो. आणि डिफर होण्याआधी काही चालू केलं असशील तर ते उलट्या क्रमाने बंद करूनच बाहेर पड. पॉवर-अपचा चुकीचा रस्ता सरळ रस्त्याइतकाच नीट लिहावा लागतो, आणि रिव्ह्यूमध्ये मी आधी तोच वाचतो. काही अडकलं तर डीबगएफएसमधली ‘डिव्हाइसेस-डिफर्ड’ फाइल उघड, कोण कशासाठी थांबलंय ते तिथे दिसतं.

विलंबासाठी एक. १ मिलिसेकंदासाठी एमस्लीप लावलास तर एचझेड (कर्नलच्या टायमरचे दर सेकंदाचे ठोके) १०० असलेल्या कर्नलवर तो २० मिलिसेकंदांपर्यंत झोपू शकतो. एफस्लीप वापर, तो वेळेनुसार योग्य पद्धत निवडतो. आणि एनेबल पिन आय-स्क्वेअर-सी एक्सपांडरवर असू शकते, म्हणून जीपीआयओचा ‘कॅन-स्लीप’वालाच कॉल घे.

---

तपकीरगल्ली

पीसीआयईवर आणखी एक पाळायचं. वीज स्थिर झाल्यापासून पर्स्ट लाइन (पीसीआयईची रीसेट लाइन) सोडेपर्यंत किमान १०० मिलिसेकंद, आणि पर्स्ट सोडण्याआधी रेफरन्स क्लॉक किमान १०० मायक्रोसेकंद स्थिर. पर्स्ट लाइन सहसा पीसीआयई कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या ताब्यात असते आणि चिपची वीज पीएमयूच्या ड्रायव्हरच्या. सिंहगडरोड, नवा बोर्ड आला की स्कोपवर वीज, रेफरन्स क्लॉक आणि पर्स्ट एकत्र बघा. दोन ड्रायव्हरच्या सीमेवरचं टायमिंग कोड वाचून पटत नाही, ते मोजावंच लागतं.

---

मुळामुठा

बरोबर, आणि ही सीमा अजून पूर्ण गुळगुळीत झालेली नाही. पीएमयूच्या त्या ड्रायव्हरमध्ये वायफायची पिन घेताना तिची आहे ती पातळी तशीच ठेवलेली आहे, खाली ओढलेली नाही. बूटलोडरने चिप आधीच चालू केली असेल आणि आपण पिन खाली ओढली तर पीसीआयईची लिंक तुटते, आणि तुटलेली लिंक कंट्रोलर ड्रायव्हरला सांभाळता येत नव्हती. कोडमध्येच तशी फिक्स-मी टिप्पणी आहे. भोसरीकरांसारखे जे बूटलोडरमध्ये पिना वर करतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

---

सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट उत्तर एका जागी मिळेल असं वाटलं नव्हतं.

जुन्या बोर्डावर टीएक्स आणि आरटीएससाठी स्लीप पिनकंट्रोल लावला. बंद केल्यावर व्हीडीडीआयओ आता शून्याला टेकतोय. ब्लूटूथ ड्रायव्हरमधले सप्लाय एकेक करून, व्हीबॅट आधी असे चालू केले आणि ३.३ च्या स्विचला स्टार्टअप-डिले दिला. पोस्ट-पॉवर-ऑन-डिले १५० वर नेला. चालू-बंदची चाचणी रात्रभर लावली, एकदाही -११० आलं नाही. बोर्ड पुरवणाऱ्यांकडून आलेली डिव्हाइस ट्रीची मूळ फाइल आता पूर्ण नव्याने लिहितोय.

नव्या बोर्डासाठी ६.१२ एलटीएस (दीर्घकाळ सांभाळलं जाणारं) कर्नल घेणार, म्हणजे पॉवर सिक्वेन्सिंग बॅकपोर्ट करावं लागणार नाही. डिस्चार्जवाला स्विच सर्किटमध्ये टाकला. एक प्रश्न उरलाय: वीज क्षणभर जाऊन लगेच परत आली तर? शेतावर हे रोजचंच आहे.

---

तपकीरगल्ली

तेव्हा सीपीयूचा रीसेट आणि चिपचा रीसेट वेगवेगळ्या वेळी होऊ शकतो. सीपीयू नव्याने बूट होतो आणि चिप अर्धवट चार्जवर टिकून राहते. बूटलोडरने पहिल्यांदा दोन्ही एनेबल पिना खाली धरून १० मिलिसेकंदांहून जास्त, मी तर ५० म्हणेन, थांबावं आणि मग कर्नलकडे जावं. क्यूसीए६३९० वर मुळामुठांनी सांगितलेली लिंकची अडचण यायला नको असेल, तर हे पीसीआयई सुरू होण्याआधी करा. चाचणीसाठी इनपुटला प्रोग्रामेबल सप्लाय लावा आणि खंड १० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत वाढवत न्या. त्यात नेमका वाईट पट्टा सापडतो. नवख्याला स्कोपवर हे बघायचं असेल तर शनिवारी आमच्या लॅबमध्ये ये, निरोप पाठव.

---

नवखा_अभियंता

नक्की येतो ताई. निरोप पाठवलाय.

---

भोसरी_एमआयडीसी

आमच्या बोर्डाचा व्हीडीडीआयओ आज मोजला. ०.९ व्होल्ट. हार्डवेअरवाल्यांना हा धागा पाठवतोय.